सोसायटीच्या गेटचे ॲप : पाहुण्यांसाठी सोयीचे, कामाला येणाऱ्यांसाठी चारित्र्याची वही

पुण्याच्या पश्चिम उपनगरातील आमच्या सोसायटीने गेटवरची जाडजूड नोंदवही बंद करून मोबाइल ॲप घेतले, त्याला आता बराच काळ लोटला आहे. ॲपचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण अशी बरीच ॲप बाजारात आहेत, सगळ्यांची घडण जवळपास सारखी आहे आणि मला जे मांडायचे आहे ते कोणा एका कंपनीपुरते नाही.

आधी जमेची बाजू सांगतो. पाहुणा गेटवर आला की वॉचमन त्याचा मोबाइल क्रमांक आपल्या फोनमध्ये टाकतो, फोटो काढतो, फ्लॅटवाल्याला सूचना जाते आणि त्याने होकार दिला की पाहुणा आत येतो. ज्येष्ठ नागरिकांकडे स्मार्टफोन नसला तर साधा फोन येतो आणि त्यावर एक आकडा दाबला की काम होते. येणाऱ्या नातेवाइकांना आधीच कोड पाठवता येतो, लहान मूल एकटे गेटबाहेर निघाले तर आईवडिलांना कळते आणि कुरिअरचे पार्सल गेटवरच ठेवायला सांगता येते. गणपतीत माणसांची रीघ लागते तेव्हा वॉचमनचा फोन हटकून अडकतो, आणि मेन्टेनन्समधून पैसे भरूनही जाहिराती पाहाव्या लागतात, तो भाग वेगळा. एवढ्यावर थांबले असते तर मी या सेवेला सहज साडेचार तारे दिले असते.

परंतु ॲपमध्ये रोज कामाला येणाऱ्यांचा एक स्वतंत्र विभाग आहे. त्यात घरकाम करणाऱ्या बायका, स्वयंपाकाच्या मावशी, ड्रायव्हर, गाड्या पुसणारी मुले आणि दूधवाला या प्रत्येकाचे एक पान असते. मी ज्या मावशींचे पान पाहिले त्यांचा फोटो गेटवरच्या दिव्याखाली, भुवया आक्रसलेल्या अवस्थेत काढलेला होता. खाली त्या किती घरी काम करतात, महिन्यात किती दिवस आल्या, किती वाजता आत आल्या आणि किती वाजता बाहेर पडल्या याचा तक्ता होता, त्याखाली तारे होते, आणि सर्वांत शेवटी कोणा रहिवाशाने लिहिलेले दोन शब्द होते : ‘लक्ष ठेवावे’. लिहिणाऱ्याचे नाव नव्हते, तारीख नव्हती, काय घडले याचा चकार शब्द नव्हता. नव्याने राहायला आलेल्या एका कुटुंबाने त्यांना जवळपास नक्की केले होते. हे पान उघडल्यावर मात्र ‘आम्ही कळवतो’ असे सांगून वाटेला लावले. मावशींना कारण समजले नाही, आणि समजण्याचा मार्गही नाही, कारण त्यांच्या पानाचे वाचन फक्त रहिवाशांसाठी खुले आहे.

सोसायटीत कुजबुज पूर्वीही होत असे. जिन्यात बोललेले मात्र सहा महिन्यांत विरून जाई, बोलणारा कोण हे ऐकणाऱ्याला माहीत असे आणि तो मुळातच संशयी स्वभावाचा असला तर ऐकणारा त्यातून तेवढी वजावट करी. ॲपमधल्या शेऱ्याला ना वय असते, ना बोलणाऱ्याचा चेहरा. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी 1963 मध्ये असा विचार मांडला की एखाद्याचे वागणे ‘वावगे’ ठरते ते त्या कृतीच्या अंगच्या गुणामुळे नव्हे, तर नियम करणारे आणि तो लागू करणारे तसा शिक्का मारतात म्हणून. उशिरा येणे हेच घ्या. ड्रायव्हर वीस मिनिटे उशिरा आला की एक तारा गळतो. त्याच ड्रायव्हरचा पगार दहा दिवस उशिरा देणाऱ्या फ्लॅटधारकाला तारे द्यायला या ॲपमध्ये जागाच नाही. दोन्ही उशीरच, नोंद मात्र एकाचीच होते, कारण ॲप कोणाच्या वर्गणीवर चालते हे उघड आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे वाचताना सोलापूर आठवल्याशिवाय राहणार नाही. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, 1911 च्या दुरुस्तीने त्याची व्याप्ती वाढली, आणि पारध्यांसारख्या समाजांत जन्माला येणे हेच संशयाला पुरेसे ठरू लागले. रजिस्टरात नाव, बोटांचे ठसे, ठरल्या वेळी हजेरी आणि हद्दीबाहेर जायचे तर पास, अशी ती यंत्रणा होती. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड अशी वसाहत होती, तिथल्या माणसांकडून गिरण्यांमध्ये काम करून घेतले जाई आणि त्या भागाला आजही ‘सेटलमेंट’च म्हणतात. 31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा रद्द झाला, म्हणून हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. परंतु मुंबई राज्याने 1959 साली सराईत गुन्हेगारांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि चोरी झाली की पारध्यांच्या पालावर आधी जायचे, ही सवय काही गेली नाही. मे 2024 मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाला पोलिसांना बजावावे लागले की केवळ वंचित समाजातले आहेत म्हणून निष्पाप माणसांची नावे हिस्ट्रीशीटमध्ये, म्हणजे पोलिसांनी संशयितांवर नजर ठेवण्यासाठी केलेल्या नोंदीत, यांत्रिकपणे चढवू नयेत. आमच्या गेटला मी सेटलमेंट म्हणत नाही, कारण ते तुरुंगवास भोगलेल्यांवर अन्याय करणारे होईल. मात्र नाव, फोटो, येण्याजाण्याची वेळ आणि न पडताळलेला शेरा एका जागी आले की कोणते साधन तयार होते, याचा अनुभव या राज्याला आहे, एवढे नोंदवणे भाग आहे.

सोसायटीची भीती खोटी नाही. चोऱ्या होतात, घरात वृद्ध एकटे असतात, आणि अनोळखी माणसाची खातरजमा करावीशी वाटणे स्वाभाविक आहे. त्यासाठी पोलीस व्हेरिफिकेशन आहे. तिथे निदान गुन्ह्याची नोंद लागते, कागद लागतो, आणि नोंद चुकली तर दाद मागता येते. ॲपमधल्या ‘ब्लॅकलिस्ट’साठी समितीतल्या एका सदस्याचे बोट पुरते. गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय निघाला तेव्हा एका सद्गृहस्थांनी ‘ज्याच्या मनात पाप नाही त्याने कशाला घाबरावे’ असे ऐकवले. त्यांनाच त्यांच्या फ्लॅटचे येण्याजाण्याचे तक्ते मावशींना दाखवायची तयारी आहे का, असे विचारल्यावर सभा चहाकडे वळली.

कायद्याची बाजूही रहिवाशांनी समजून घ्यावी. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती घेताना संमती, चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि ती पुसून टाकण्याचा हक्क मान्य केलेला आहे. ‘फोटो काढू दे, नाहीतर आत जाता येणार नाही’ हे ज्या बाईच्या महिन्याच्या कमाईचे सहा दरवाजे आत आहेत तिला सांगणे म्हणजे संमती नव्हे. महाराष्ट्राने घरेलू कामगारांसाठी 2008 साली कल्याण मंडळाचा कायदा केला. सोसायट्यांनी आपल्याकडच्या कामगारांची मंडळात नोंदणी करून देण्यात तारे मोजण्याइतका उत्साह दाखवला असता, तर गेटवरच्या या नोंदीचा कोणाला तरी उपयोग झाला असता.

आता विकत घेणाऱ्यांसाठी मत. पाहुण्यांची परवानगी, पार्सल आणि मुलांची सूचना एवढ्यासाठी ॲप घेण्यासारखे आहे. कामाला येणाऱ्यांनी सर्व्हिस लिफ्टच वापरावी ही पाटी आणि डिलिव्हरी करणाऱ्यांना भर उन्हात गेटवर थोपवणे हे सोसायटीचे स्वतःचे कर्तृत्व आहे, त्याचा दोष मी कंपनीला देणार नाही. तारे, शेरे आणि ब्लॅकलिस्ट यांसाठी मात्र पाचपैकी एकही तारा देत नाही. करार करताना समितीने तीन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात : निनावी शेरा नको, कामगाराला स्वतःचे पान वाचता यावे, आणि काम सुटले की फोटोसह सगळी नोंद पुसली जावी. रेटिंग बंद करण्याची सोय ॲडमिनच्या सेटिंगमध्ये आहे. विक्री प्रतिनिधी ती आपण होऊन सांगत नाही, आमच्या सचिवांना ग्राहक सेवेला विचारल्यावर कळली. आमच्याकडे ती पुढच्या सभेत मतदानाला टाकली आहे.