झॅबिक्स ७.० : एक पावसाळा आणि एक मार्चअखेर काढल्यानंतर

इन्स्टॉल कसं करायचं, टेम्प्लेट कुठून घ्यायचे, हे सगळीकडे मिळतं. झॅबिक्स म्हणजे सर्व्हर, प्रिंटर, नेटवर्क नीट चालू आहे का यावर नजर ठेवून बिघाड कळवणारं सॉफ्टवेअर. इथे फक्त वापरताना काय झालं ते लिहितो. वाळूज एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आयटी सांभाळतो. सर्व्हर मोजकेच, माणसं दोन.

झॅबिक्स आलं ते एएमसीवाल्याशी, म्हणजे वार्षिक देखभालीच्या कंत्राटदाराशी, झालेल्या भांडणातून. दुसरी पाळी, चाकणची गाडी धक्क्याला लागलेली, आणि डिस्पॅचचे मामा फोनवर, "सायेब, लेबल निघंना झालंय." लेबल नाही तर बिन स्कॅन होत नाही, स्कॅन नाही तर ईआरपी इनव्हॉइस सोडत नाही, इनव्हॉइस नाही तर आयआरएन (सरकारी ई-इनव्हॉइसचा नंबर) नाही आणि मालवाहतुकीचं ई-वे बिलही नाही. लेबल प्रिंटरचं झाकण नीट बसलं नव्हतं, एवढंच. ते कळेपर्यंत गाडी दोन तास उभी. कस्टमरने डेबिट नोट पाठवली. महिनाअखेरीला एएमसीवाल्याचा रंगीत रिपोर्ट आला, अपटाइम ९९.९४ टक्के. विचारलं तर म्हणे, "प्रिंटर पिंगला होता ना सर, आमच्या हिशेबी चालूच." पिंग म्हणजे नेटवर्कवरून मारलेली नुसती हाक, ओ दिली की चालू. ३० दिवसांत ९९.९४ टक्के म्हणजे फक्त २६ मिनिटं बंद. आमचे दोन तास कुठे गेले? वर नूतनीकरणाला वाढीव रक्कम मागितली.

पैसे देऊन घ्यायची साधनं पाहिली. सगळ्यांचा दर डिव्हाइसमागे, महिन्याला. "महिन्याला" म्हटलं की आमचे शेठ चहाचा कप खाली ठेवतात. झॅबिक्सला लायसन्सचा खर्च नाही. जुना आय-फाइव्ह डेस्कटॉप, वाढवलेली रॅम, नवीन एसएसडी, झालं काम.

पहिले काही आठवडे शिव्याच घातल्या. एक नेटवर्क स्विच गेला की त्याच्यामागचं प्रत्येक यंत्र टेलिग्रामवर वेगवेगळं बोंबलायचं. पुण्यातल्या मित्राला तेव्हा "झोपमोड करायचं फुकट साधन" असं कळवलं होतं. पुढे ट्रिगर डिपेंडन्सी (कुठला इशारा कुठल्यावर अवलंबून ते) लावल्या आणि मत बदललं. आता स्विच गेला तर एकच मेसेज येतो, स्विचचा.

प्रिंटरचं तर समाधानच झालं. कागद संपला, झाकण उघडं, कागद अडकला, हे प्रिंटर एसएनएमपीवर (नेटवर्कवरच्या यंत्रांना हालहवाल विचारायची ठरलेली पद्धत) स्वतःच सांगत असतो, फक्त कुणी विचारायला हवं. एएमसीवाला इतकी वर्षं नुसता पिंग मारत होता!

पण खरी किंमत वसूल होते ती सर्व्हिसेसमध्ये, म्हणजे कुठलं काम कशाकशावर अवलंबून आहे ते झाडासारखं मांडायच्या भागात. २०२२ च्या ६.० आवृत्तीपासून हा भाग नव्याने बांधलाय. वर 'डिस्पॅच', खाली ईआरपी, लेबल प्रिंटर, वजनकाटा, इंटरनेट. इंटरनेटच्या दोन लाइन आहेत, तिथे "सगळी मुलं (खालच्या फांद्या) अडचणीत असतील तरच" हा नियम लावला, म्हणजे एक लाइन गेली तरी डिस्पॅच लाल होत नाही. एसएलएचं (किती टक्के वेळ चालू राहायला हवं त्या हिशेबाचं) वेळापत्रक वारानुसार ठरवता येतं. आमची सुट्टी शुक्रवारी, तीही बसली. शेठना सीपीयूशी देणंघेणं नाही. टीव्हीवर डिस्पॅच चालू की बंद, तेवढंच ते बघतात.

आणि इथेच माझं डोकं फिरतं. सर्व्हिसला बिघाड कळतो तो टॅगवरून, म्हणजे बिघाडावर आणि सर्व्हिसमध्ये लिहिलेली खूण जुळली तरच. एकीकडे 'वजनकाटा' आणि दुसरीकडे 'वजन काटा', मधे फक्त एक जागा सुटलेली, की संपलं. ती फांदी जन्मभर हिरवी! "हिला काहीच जोडलेलं नाही" असा एका शब्दाचाही इशारा नाही. काट्याच्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय उडाला, गाड्यांची रांग गेटच्या बाहेर गेली, आणि टीव्हीवर वजनकाटा टवटवीत हिरवा. मग त्या ९९.९४ वाल्यात आणि ह्यात फरक काय राहिला? लॅटव्हियातल्या रिगात बसून झॅबिक्स बनवणाऱ्यांनो, एक करडा रंग द्या. जोडलेलं नाही ते करडं दिसू द्या. काहीजण म्हणतील बारीक गोष्ट आहे. नाही. काही जोडलेलंच नसताना हिरवं दाखवणं म्हणजे खोटं बोलणं. आता कुठलीही नवी फांदी लावली की आधी जाऊन वायर उपटायची, टीव्ही लाल झाला तरच सही.

बाकी किरकोळ. डेटाबेस फुगतो, जुना इतिहास किती दिवस ठेवायचा ते पहिल्याच दिवशी ठरवा. लिनक्स कुणालाच येत नसेल तर ह्या वाटेला जाऊ नका. झॅबिक्सचा डेस्कटॉप सर्व्हरच्याच यूपीएसवर ठेवू नका. वादळात बॅटरी बसली तेव्हा सगळं एकदम गेलं आणि टेलिग्रामवर चिटपाखरूही नाही. आता मुंबईतल्या एका स्वस्त क्लाउड मशीनवरून त्याच्यावर नजर ठेवलीय.

७.० जून २०२४ चं आहे आणि सपोर्ट पाच वर्षांचा, त्यामुळे २०२९ पर्यंत हात लावणार नाही. एएमसीवाल्याला नूतनीकरणाच्या वेळी आमच्या झाडावरचा डिस्पॅचचा आकडा करारात घालायला सांगितलं. तो म्हणाला, "प्रिंटरचं झाकण आमच्या स्कोपमध्ये येत नाही." मग स्कोप फक्त हार्डवेअरचा ठेवला आणि रक्कमही तेवढीच.