आठ महिने, तीन सिंगल माल्ट

नोकरीनिमित्त स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला आलो आणि फेब्रुवारीत सिंगल माल्टच्या, म्हणजे एकाच डिस्टिलरीत मोड आणलेल्या सातूपासून बनवलेल्या व्हिस्कीच्या, तीन बाटल्या एकदमच घेतल्या: ग्लेनफिडिक 12, टॅलिस्कर 10 आणि लफ्रॉइग 10 (आकडा म्हणजे पिंपात मुरल्याची किमान वर्षं). शनिवारी जेवणाआधी थोडी थोडी घेऊन वहीत टिपत गेलो. पहिल्या रात्री लिहिलेलं निम्मं आज खोडावंसं वाटतं.

लफ्रॉइगचं तर सगळंच. बूच काढलं आणि खोलीभर टिंक्चर आयोडीनचा वास! लहानपणी गुडघा फुटला की आई कापसाने लावायची, अगदी तोच. बायकोने विचारलं, "कुणाला लागलं?" हा वास पीटच्या, म्हणजे दलदलीत कुजलेल्या वनस्पतींच्या मातीसारख्या इंधनाच्या, धुराचा. आयला बेटावरच्या या डिस्टिलरीत (1815 पासूनची आहे) अजूनही काही सातू फरशीवर पसरून मोड आणतात आणि पीटच्या धुरावर वाळवतात. तो धूर दाण्यात असा मुरतो की दहा वर्षं लाकडी पिंपात राहूनही जात नाही. एका पेगनंतर ती बाटली मी कपाटात मागे सरकवली. एप्रिलमध्ये धुराची आवड असलेला मित्र आला, त्याने पाव बाटली संपवली. पुढच्या शनिवारी मीही पुन्हा ओतली, या वेळी अर्धा चमचा साधं पाणी घालून. आधी तोच दवाखाना. पण दहा मिनिटांनी त्यामागून व्हॅनिलासारखा गोडवा वर आला आणि मग आजीच्या कोकणातल्या घरी पावसाळ्यात चुलीत ओली लाकडं धुमसायची, तो वास. मी ग्लास नाकाशी धरून कितीतरी वेळ नुसता बसलो होतो.

पाण्याची ही किमया उगाच नाही. 2017 मध्ये स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी संगणकावर मांडून दाखवलं की व्हिस्कीत पाणी घातलं की धुरकट वासाचा ग्वायाकोल नावाचा घटक पृष्ठभागाकडे येतो. बर्फ मात्र टाळा, गारठ्याने वास मिटतो. आणि ग्लास तोंडाशी निमुळता हवा. पसरट ग्लासात मला नुसता अल्कोहोलच नाकात जायचा.

टॅलिस्कर पहिल्या दिवसापासून आवडली. स्काय बेटावरची, 45.8 टक्के अल्कोहोलची. आधी खारा वारा, हलका धूर, थोडा मध. आणि घोट गिळल्यावर जिभेच्या मुळाशी काळी मिरी चढते. इथे बांगडा ताजा मिळतो. तो रव्यात तळून हिच्याबरोबर खाऊन बघाच.

ग्लेनफिडिक सौम्य, नाशपतीच्या वासाची. सिंगल माल्ट कधीच न घेतलेल्या पाहुण्याला मी हीच देतो. शेवटची तीन बोटं मात्र मी पाच महिने तशीच ठेवली, ही चूक माझी. बाटलीतल्या हवेने वास उडाला. उरलेली छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवायला हवी होती.

टॅलिस्करची दुसरी बाटली आणली आहे. लफ्रॉइग अजून निम्मी आहे; ती थंडीसाठी राखून ठेवली आहे.