डंजन सगळ्यांचं की गटापुरतं?

डंजन म्हणजे राक्षसांनी भरलेली भुयारं नि गुहा. ऑनलाइन फँटसी गेमचा आराखडा करताना, ती सगळ्या खेळाडूंना सामायिक ठेवायची की प्रत्येक गटाला वेगळी द्यायची, हा निर्णय आधी घ्यावा, कारण नकाशापासून लूटपर्यंत (राक्षस मारून मिळणाऱ्या वस्तूंपर्यंत) सगळं त्यावर ठरतं.

‘एव्हरक्वेस्ट’मध्ये (1999) डंजन सामायिक होतं. सहा जणांचा गट एका खोलीत ठाण मांडून राक्षस पुन्हा उगवायची वाट पाहायचा. त्यात शेजारच्या गटाची ओळख होते, मेलेल्याला कोणी अनोळखी माणूस जिवंत करतो. पण दुर्मीळ बॉससाठी, म्हणजे क्वचित उगवणाऱ्या बड्या राक्षसासाठी, रांग लागते, आणि पळणाऱ्यामागे लागलेली राक्षसांची रांग वाटेतल्या निर्दोष गटावर कोसळते. उपाय आहेत: खोल्या वाढवणं, बॉसची जागा आणि वेळ बदलती ठेवणं.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने (2004) पाच जणांच्या गटाला डंजनची स्वतंत्र प्रत दिली. गर्दी नाही, चकमकी नेमक्या आखता येतात, तासाभराच्या फावल्या वेळात खेळता येतं. मात्र लूट हवी तितकी निघते, म्हणून रेडवर (मोठ्या गटाने करायच्या मोहिमांवर) साप्ताहिक मर्यादा घालावी लागते.

‘पँथिऑन’ या नव्या ऑनलाइन गेमने सामायिक वाट धरली आहे. खेळाडू पुरेसे असतील तर मलाही तीच पटते. सर्व्हर ओस पडला, की सहा जण जमवणंच कठीण.