प्रश्नमंजुषेचे ॲप: एका सत्राच्या वापरानंतर

कॅमेरे बंद, हजेरी पूर्ण आणि प्रश्न विचारला की शांतता, अशी आमच्या ऑनलाइन वर्गाची अवस्था झाली होती, तेव्हा आम्ही हे ॲप घेतले. सत्रभर वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की यातील चाचणी घेण्याची सोय उत्तम आहे, पण तिच्याभोवती रचलेला खेळ आधीच थकलेल्या विद्यार्थ्याला आणखी थकवतो.

प्रश्न पटकन तयार होतात, चुकलेल्या उत्तराखाली कारण लिहिता येते आणि वर्ग नेमका कुठे अडखळला हे तिथल्या तिथे दिसते. छोट्या चाचण्या वारंवार घेणे योग्यच आहे. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवडाभराने अधिक लक्षात राहतो, हे रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवून दिले आहे.

खरी अडचण गुण देण्याच्या पद्धतीत आहे. उत्तर जितके लवकर, तितके गुण जास्त, आणि प्रत्येक प्रश्नानंतर पडद्यावर सर्वांची क्रमवारी. पहिले दोन आठवडे वर्गात खरोखर जान आली. पुढे माझ्या लक्षात आले की चार ओळींच्या प्रश्नाला काही जण दोन सेकंदांत उत्तर देत आहेत. एका विद्यार्थिनीला मी विचारले, "हे तर तुला येत होते, मग चुकले कसे?" ती म्हणाली, "मॅडम, वाचत बसले की नंबर खाली जातो." रोज चाचणी सोडवली की ॲप सलग दिवसांची साखळी मोजत जाते; ती तुटू नये म्हणून याच मुलीने अंगात ताप असताना रात्री अकरा वाजून पंचावन्न मिनिटांनी चाचणी सोडवली होती. ती नोंद पाहून मला फार वाईट वाटले.

मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी बर्नआउटची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणातून येणाऱ्या थकव्याची, तीन अंगे सांगितली आहेत: शक्ती संपणे, कामावरून मन उडणे आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे. क्रमवारी या तिसऱ्या भावनेला दर आठवड्याला खतपाणी घालते. तळाची नावे जवळपास तीच राहिली आणि त्यांतील दोघे सातव्या आठवड्यापासून चाचणीला येईनासे झाले. हॅनस आणि फॉक्स या संशोधकांच्या २०१५ मधील अभ्यासातही बॅज (कामगिरीबद्दल मिळणारी चिन्हे) व क्रमवारी असलेल्या वर्गाची प्रेरणा सोळा आठवड्यांत तसे काही नसलेल्या दुसऱ्या वर्गाच्या तुलनेत घटलेली आढळली होती.

शेवटी मी सेटिंगमध्ये जाऊन घड्याळ आणि क्रमवारी दोन्ही बंद केली आणि चुकलेला प्रश्न पुन्हा सोडवण्याची मुभा दिली. उत्तरे सावकाश येऊ लागली, त्यांत विचार दिसू लागला आणि गेलेल्या दोघांपैकी एक जण परतला. साखळी मात्र शिक्षकाला बंद करता येत नाही, रात्रीच्या सूचनाही थांबवता येत नाहीत, आणि ही माझ्या मते गंभीर उणीव आहे. ॲप घेणाऱ्या शिक्षकांनी पहिल्या तासापूर्वीच घड्याळ आणि क्रमवारी हे दोन पर्याय बंद करावेत. माझ्याकडून पाचपैकी तीन तारे. साखळी बंद करण्याची सोय आली तर चौथा आनंदाने देईन.