मुरघास: खड्ड्यात की बॅगेत?

मुरघास म्हणजे हवाबंद करून मुरवलेला हिरवा चारा. मका चिकात आला, म्हणजे कणसातला दाणा दुधाळ झाला की कापायचा, अर्ध्या-पाऊण इंचाची कुट्टी दाबून भरायची, हवाबंद करायची आणि 45 दिवस हात लावायचा नाही. इथवर खड्डा काय आणि बॅग काय, दोन्हीकडे सारखंच. खरा फरक कळतो तो उघडल्यावर. मी संगमनेरकडचा, गायी सहा. चार वर्षं खड्डा केला, गेली तीन वर्षं बॅगा भरतोय.

भरणीच्या दिवशी खड्ड्याला तोड नाही. ट्रॅक्टर फिरवला की थर असा बसतो, बॅगेत पायाने कितीही तुडवलं तरी तसा बसत नाही. किलोमागे खर्चही खड्ड्याचाच कमी.

पण माझा खड्डा 6 फूट रुंद, 5 फूट खोल. उघडल्यावर तोंडावरून रोज निदान अर्धा फूट माल निघायला हवा, नाहीतर हवा आपल्यापुढे आत धावते आणि माल बिघडतो. अर्धा फूट म्हणजे अंदाजे अडीचशे किलो. माझ्या सहा गायी दिवसाला खाणार शंभर-सव्वाशे. पावसाळ्यात पहाटे ताडपत्री उचलली की हाताला ऊब लागायची. चांगल्या मुरघासाचा आंबूस वास जाऊन कुबट वास यायचा, कडेला पांढरी-हिरवी बुरशी. रोज एक-दोन घमेली उकिरड्यावर. स्वतः पेरलेला, पाणी देऊन वाढवलेला मका असा टाकताना जिवावर यायचं. त्याहून भीती वाटायची ती निवडताना नजरेतून सुटलेल्या बुरशीची. तिचं विष दुधात उतरतं आणि दूध उकळूनही जात नाही. ते दूध आपलीच पोरं पितात.

अर्ध्या टनाची बॅग आमच्याकडे चार-साडेचार दिवसांत संपते, गरम व्हायच्या आत. बाकीच्या बंदच राहतात.

बॅगेला उंदराची पीडा आहे, हे मान्य. एक भोक पडलं की भोवतीचा हातभर माल काळा. पहिल्या वर्षी भिंतीला टेकून रचल्या आणि पाच बॅगा गमावल्या. आता भिंतीपासून दोन फूट जागा सोडतो, रोज फेरी मारतो, भोक दिसलं की त्याच दिवशी चिकटपट्टी लावतो. जास्त कुरतडलेली बॅग आधी खायला काढतो. बॅगेच्या आतली प्लॅस्टिकची पिशवी, म्हणजे लायनर, दर वर्षी नवा घ्यावा लागतो, तो खर्च धरूनच चालावं.

वीस-पंचवीस गायी असतील तर खड्डाच बरा, तिथे तोंड रोज हवं तेवढं पुढे सरकतं. शेजारचे म्हणतात, तुझा खड्डाच रुंद होता, चार फुटी केला असतास तर निभलं असतं. त्यांचं खोटं नाही. पण चार फुटी खड्ड्यात ट्रॅक्टर उतरत नाही, म्हणजे तुडवायचं पुन्हा पायानेच. मग बॅग काय वाईट? यंदाच्या मक्यासाठी मी 25 लायनर आणून ठेवलेत.