भट्टी की आरटीए? सॅम्पल घेऊन मुंबई गाठण्याआधी

महालक्ष्मी एक्सप्रेसचं तिकीट काढण्याआधी एवढं ठरवा: सॅम्पलला नुसती उष्णता द्यायची आहे, की दिलेली उष्णता लगेच काढूनही घ्यायची आहे? नुसती द्यायची असेल तर डिपार्टमेंटमधली भट्टी पुरते. काढूनही घ्यायची असेल तरच आरटीए, म्हणजे सॅम्पल झटकन तापवून झटकन निववणारं रॅपिड थर्मल अ‍ॅनीलिंग.

आपली मफल किंवा ट्यूब फर्नेस मिनिटाला 5-10 अंशांनी चढते आणि निवायला कित्येक तास घेते. आरटीएत हॅलोजन दिव्यांच्या झोतात वेफर (सिलिकॉनसारख्या पदार्थाची पातळ चकती) सेकंदाला 50-100 अंशांनी तापतो, चेंबरच्या भिंती गार राहतात, दिवे विझले की तो भराभर निवतो. गुऱ्हाळावर पाहिलंच असेल, चुलवाण झटकन थंड करता येत नाही, म्हणून गूळ झाला की काहीलच उतरवावी लागते. भट्टीचं दुखणं तेच.

सिलिकॉनमध्ये आयन इम्प्लांटनं, म्हणजे वेगवान आयनांचा मारा करून, घातलेलं बोरॉन 1000 अंशांच्या आसपास जागेवर बसवायचं असतं, पण खोल पसरू द्यायचं नसतं. पसरण्याची खोली वेळेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते; त्याच तापमानाला तासाऐवजी 10 सेकंद ठेवलं तर ढोबळ हिशेबानं ती एकोणिसाव्या हिश्शावर येते. गॅलियम आर्सेनाइड फार वेळ तापवलं तर आर्सेनिकच उडून जातं. त्यावरचे सोनं-जर्मेनियमचे विद्युत काँटॅक्ट 400-450 अंशांना मिनिटभरात जमतात. अशा कामाला भट्टीचा हट्ट नको.

पण आपल्याकडे बऱ्याच जणांच्या हातात असते ती काचेवर रासायनिक पद्धतीनं चढवलेली ऑक्साइड फिल्म. एफटीओ काचेवर (विद्युतवाहक थर असलेल्या काचेवर) टायटॅनियम डायऑक्साइड, हवेत 450 अंश, तासभर. इथं सावकाशपणाच कामाचा. सोल-जेल, म्हणजे द्रावणातून चढवलेल्या, फिल्ममधले सेंद्रिय अवशेष हळूहळू जळून जायला हवेत, नाहीतर भेगा पडतात. शिवाय झटकन तापवली की काच तडकते. मी हौसेनं एकदा तसलं सॅम्पल दिव्यांखाली घातलं, चिमट्यानं तुकडे वेचले आणि संध्याकाळपर्यंत ऑपरेटरकडे बघायची हिंमत झाली नाही.

तापमानाच्या आकड्यावर मात्र भट्टीत जास्त भरवसा ठेवता येतो. आरटीएत छोटा तुकडा मोठ्या वेफरवर ठेवतात. स्क्रीनवरचा आकडा त्या वेफरचा, तुमच्या तुकड्याचा नाही. त्यात 600 अंशांखाली सिलिकॉन इन्फ्रारेडला बराच पारदर्शक असतो, म्हणून तिथं वेफरच्या इन्फ्रारेडवरून तापमान मोजणारा पायरोमीटर फसतो आणि वेफरला टेकवून मोजणारं थर्मोकपल लागतं. पेपरातली रेसिपी जशीच्या तशी उतरेल असं धरू नका. एकसारखे पाच-सहा तुकडे न्या, वेगवेगळ्या तापमानांना करून बघा.

जायचंच ठरलं तर आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या आयआयएस्सीत बाहेरच्या संशोधकांसाठी आयएनयूपी (इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स यूजर्स प्रोग्रॅम) कार्यक्रम आहे. अर्जात सॅम्पलवरचा प्रत्येक धातू लिहा, सोनं तर आधी. सिलिकॉनमध्ये ते झपाट्यानं पसरतं, त्यामुळे सीमॉसच्या, म्हणजे सिलिकॉन चिपच्या कामाच्या, चेंबरमध्ये त्याला थारा नसतो. सोन्यासाठी वेगळा चेंबर किंवा वेगळा ट्रे आहे का, हे स्लॉट मागतानाच विचारून घ्या.