गोडोल्लो की केस्टहेय? बुडापेस्टहून एका दिवसात वाडा बघायचा तर

व्हिएन्ना-बुडापेस्ट-प्राग अशा ट्रिपमध्ये बुडापेस्टच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन दिवस येतात. त्यातला एक शहराबाहेर घालवायचा ठरवलात, तर आधी एक गोष्ट पक्की करा. हंगेरियन भाषेत 'वार' म्हणजे किल्ला आणि 'कश्तेय' म्हणजे सरदाराचा वाडा. इंग्रजीत दोन्हींना कॅसलच म्हणतात, म्हणून तटबुरुजांच्या ओढीने निघालेला माणूस झुंबरांखाली जाऊन उभा राहतो. किल्लाच हवा असेल तर एगर किंवा विशेग्राद गाठा. मी इथे वाड्यांबद्दल बोलतोय. गोडोल्लो आणि केस्टहेय या दोन गावांतले वाडे मी वेगवेगळ्या वेळी पाहिलेत.

गोडोल्लोला जाणं अगदी सोपं आहे. मेट्रोने अर्श वेझेर चौक, तिथून 'हेव' ही उपनगरी गाडी, आणि पाऊण-एक तासात वाड्यासमोर. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा आई बरोबर होती, गुडघे दुखत असूनही ती कुरकुरली नाही. ग्रासालकोविच घराण्याने अठराव्या शतकात बांधलेला हा वाडा १८६७ साली हंगेरीतल्या राज्याभिषेकाची भेट म्हणून ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ जोसेफ आणि राणी एलिझाबेथ, म्हणजे सगळ्यांची लाडकी सिसी, यांना मिळाला. व्हिएन्नाच्या दरबारात जीव घुसमटायचा त्या राणीचा. ती हंगेरियन शिकली आणि इथे येऊन मनसोक्त घोडेस्वारी करायची. तिच्या आवडीचा जांभळा रंग तिच्या दालनांत आजही आहे. सिसीची गोष्ट ज्यांना माहीत आहे, त्यांचा पाय तिथून लवकर निघणार नाही.

माझं मन मात्र तिथे एका गोष्टीवर अडलं. एका खुर्चीपाशी आई थांबली आणि म्हणाली, "यावर बसायची का रे ती?" तसं ठामपणे सांगता येईना. दुसऱ्या महायुद्धात वाडा लुटला गेला, पुढे सोव्हिएत सैन्याने त्याची बराक केली, एका भागात वृद्धाश्रम होता. संग्रहालय उघडलं ते १९९६ साली. भिंती मेहनतीने पूर्ववत केल्यात, पण सामान बरंचसं 'त्या काळातलं' आहे, त्या घरातलं नाही. यात आज तिथे काम करणाऱ्यांचा काडीचाही दोष नाही. उलट जे उभं केलंय त्याचं कौतुकच वाटतं. पण एकदा ही शंका मनात शिरली की प्रत्येक आरशासमोर, प्रत्येक टेबलासमोर तोच प्रश्न येतो. पुढच्या चार दालनांत मी वस्तू कमी आणि पाट्या जास्त बघितल्या.

केस्टहेयचा फेश्टेटिच वाडा बालाटोन सरोवराच्या पश्चिम टोकाला. बांधकाम १७४५ साली सुरू झालं, आजचं भव्य रूप आलं ते १८८०च्या दशकात. खोल्या १०१. बुडापेस्टहून रेल्वेने जायलाच तीनेक तास लागतात, म्हणजे जाऊन-येऊन दिवस संपलाच. ही अडचण लहान नाही. स्टेशनपासून वाड्यापर्यंतही वीस-पंचवीस मिनिटं चालावं लागतं.

पण तिथलं ग्रंथालय! ओकच्या लाकडाची दोन मजली उंच कपाटं, वर सज्जा, आणि ८० हजारांहून जास्त पुस्तकं. युद्धात हे दालन बंद करून वाचवलं गेलं. एका सोव्हिएत अधिकाऱ्याने दार भिंत घालून बुजवलं, असं सांगतात. मी एका कपाटाजवळ वाकून बघितलं. चामड्याच्या बांधणीचा कणा वरच्या टोकाला झिजून फिका पडला होता, नेमका जिथे बोट घालून पुस्तक बाहेर ओढतात तिथेच. कुणीतरी ते पुस्तक पुन्हा पुन्हा काढलं होतं. इथे पाटी वाचायची गरजच पडली नाही. हे दालन बांधून घेणाऱ्या ग्यॉर्गी फेश्टेटिचनेच १७९७ साली गावात 'जॉर्जिकॉन' ही शेतकी शाळा काढली, युरोपातल्या अगदी सुरुवातीच्या शाळांपैकी एक. पुस्तकं नुसती शोभेला ठेवणारा माणूस नव्हता तो.

फेर्टोडच्या एस्टरहाझी वाड्याबद्दलही विचारतात. १२६ खोल्यांचा तो वाडा दिमाखात या दोघांच्या वरचढ, आणि संगीतकार हायडनने उमेदीची कितीतरी वर्षं तिथे काढली. पाश्चात्त्य संगीताचं वेड असेल तर तोच बघा. फक्त तो ऑस्ट्रियाच्या सीमेजवळ आहे, तेव्हा जवळच्या शोप्रोन शहरात मुक्काम करून जाणं बरं. बुडापेस्टहून एका दिवसात दगदग होईल.

बरोबर वयस्कर माणसं किंवा लहान मुलं असतील, किंवा हाताशी अर्धाच दिवस असेल, तर गोडोल्लो निवडा, पस्तावणार नाही. सिसीवर जीव असेल तर प्रश्नच नाही. पूर्ण दिवस मोकळा असेल आणि जुन्या घरात शिरल्यावर तिथल्या माणसांची चाहूल लागावी असं वाटत असेल, तर माझ्या मते तीन तासांचा प्रवास सोसावा. तसाही तो अर्धाअधिक सरोवराच्या काठानेच होतो. देली स्टेशनवरून सकाळची गाडी धरा आणि जाताना उजवीकडची खिडकी मिळते का बघा, पाणी त्याच बाजूला असतं.